अकरा टिचक्या

खानापुरात स्टेशन रोडला माझं घड्याळाचं दुकान,
दोन हात रुंद. आत मी, बाहेर गिऱ्हाईक.
लुमाण्णा सुभेदार आला तो काखेत लांबडी खाकी पिशवी घालून.
"तुझे ते बारके स्क्रूड्रायव्हर घे नि जांबोटीला चल गा.
रायफलीवर काच बसवायचीय.
डुकरांनी रताळ्याचा एक वेल ठेवला नाही."
मी म्हटलं, मी घड्याळवाला.
"म्हणून तर. तुला एक डोळा झाकायची सवय हाय."

लायसन पीकराखणीचं. बापाच्या नावावरनं
त्याच्या नावावर आलेलं, घडीवर फाटलेलं.

तांबड्या बांधावर वाळूची दोन पोती.
जांभळीच्या फांदीला गवंड्याचा ओळंबा.
दोरी जशी उभी, तशी काचेतली रेघ उभी.
स्क्रू एकदम आवळायचे नाहीत:
हा थोडा, मग तिरका पलीकडचा थोडा.
हे मला माहीत होतं.
डोळा काचेपासून चार बोटं लांब.
हे त्यानं सांगितलं, भुवईवरचा जुना वण दाखवून.
"डोकं हलवून बघ. फुलीनं कागदावरनं हलायचं नाही.
हलली तर काच खोटं बोलालीय."

कागद पंचायतीचा. पुढं कन्नडात पाणीपट्टीची नोटीस,
मागच्या कोऱ्या अंगाला कोळशाचं वर्तुळ.
शंभर पावलं त्यानंच टाकली.
एकसष्टाव्या पावलाला थांबला, कमरेवर हात ठेवून,
खरं मोजणी चुकली नाही.

तीन बार.
भाताच्या खाचरातनं बगळे उठले, परत बसले.
तीन भोकं, एकमेकांना चिकटून,
वर्तुळाच्या डावीकडं चार बोटं.
"काच डावी बघालीय," तो म्हणाला. "एक तू मार."

मला बंदुकीतलं काय कळतंय.
पोत्यावर ठेवली. अर्धा श्वास सोडला.
बोट तेवढंच हलवलं
जेवढं केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरताना हलवतो.

कागदाकडं मीच गेलो. तो बांधावर बसून राहिला,
मोतीबिंदूची तारीख दोनदा पुढं ढकललेला माणूस.
चौथं भोक वर्तुळाच्या आत होतं.
कागद काढला, घडी केली, खिशात घातला.
नवा लावला.
परत यायला शंभर पावलं होती.
"माझं पण डावीकडंच," मी म्हटलं.

त्याचं बोट मी आधीच पाहिलं होतं.
हातातल्या घड्याळाला किल्ली देतानाही
शेवटाला ते आखडायचं नि झटका द्यायचं.

टोपण काढलं.
एक टिचकी म्हणजे शंभर पावलांवर तांदळाचा एक दाणा.
तीनशेवर तीन दाणे, नि वारा त्यात आपला हात घालणार.
अकरा टिचक्या उजवीकडं फिरवल्या, मोजून.
लोक माझ्याकडनं घड्याळ पाच मिनिटं पुढं लावून घेतात.
मी कुणाला का म्हणून विचारत नाही.

पुढचे तीन आत पडले.
त्यानं रताळी भाजली, साल न काढता खाल्ली,
जीभ पोळली तरी बोलला नाही.

त्या हंगामात पाच डुकरं.
एक ओढ्यापलीकडचं, अडीचशे पावलांवरनं;
त्याची गोष्ट जांबोटीच्या स्टँडवर बरेच दिवस चालली.
पुढं दर दिवाळीला तो घड्याळ तेल घालायला आणायचा.
काचेचं नाव त्यानं कधी काढलं नाही.
फक्त एकदा, पैसे देताना, माझ्या हाताकडं बघत:
"तुझं बोट बरं हाय."

काल भरमू आला, त्याचा धाकटा.
तीच खाकी पिशवी. लायसन आता त्याच्या नावावर.
"काका, काच बिघडलीय.
बाबा होते तोवर बरोबर चालायची.
आता सगळं उजवीकडं जातंय. चार बोटं."

मी ड्रायव्हर उचलला.
भिंतीवर सतरा घड्याळं,
एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नाही.
"ठेवून जा," म्हटलं, "शनिवारी ये."

आज बुधवार.
टोपण काढून ठेवलंय.