बेचाळीस नंबर

पार्सलवर पत्ता घालायचा होता.
प्रतीक्षानं फोनवर बघून एकेक अक्षर काढलं:
व्हेर्नाक, फ्रान्स.
एक जोड, बेचाळीस नंबर, सहा वेण्या.
"वाजणारीच पाहिजेत, असं लिहिलंय त्या बाईनं."

कुठं आलं हे गाव?
पोरीनं नकाशा दोन बोटांनी ताणला,
ओलं कातडं खिळ्यांवर ताणतात तसा.
आधी नदी निघाली. मग दोन पूल.
वस्ती सगळी वरच्या अंगाला, चर्चला टेकून,
आणि पाणी गावाबाहेर पडतं तिथं, खाली,
एक आळी. नाव अजून तेच:
कातडं कमावणाऱ्यांची.

मी रापी खाली ठेवली.

"ओकची साल कुटायचे," ती वाचत होती,
"खड्ड्यात वर्षभर मुरवायचे.
वास जातो म्हणून गावानं त्यांना खाली हलवलं,
सोळाशे काहीतरी साल आहे.
शेवटचा कारखाना एकोणीसशे चोपन्नला बंद."
पुढं द्राक्षांचं होतं, दोन लढायांचं, एका पुराचं.
ते कानाबाहेरनं गेलं.

आमच्यात बाभळीची साल. हिरडा.
नाल्याकाठी आज्ज्याचे चार खड्डे,
त्याचे पाय गुडघ्यापर्यंत तांबूस,
धुतले तरी तांबूस, शेवटच्या आंघोळीतसुद्धा.
वारा तिकडनं फिरला की वर्गात
माझ्या बाकावरची पोरं सरकून बसायची.
खड्ड्यांवर आता गॅरेज आहे.
चामडं चेन्नईहून येतं, बिनवासाचं.

सात हजार किलोमीटर, प्रतीक्षा म्हणाली.
असतील.
पण पाणी उतरतं तिकडंच आम्हाला बसवायचं
हे तिथल्यांना सांगायला कोल्हापुरातनं कोण गेलं होतं?

तिनं फोटो दाखवला. आळीत कुंड्या,
खुर्च्या मांडलेल्या, कुणीतरी कॉफी पितंय.
वास कुठल्याच फोटोत येत नाही.

आज्ज्यानं शिवलेली पायताणं
वरच्या पेठेत करकर वाजत फिरायची.
तो स्वतः त्या पेठेतनं जाताना
आपली काढून काखेत धरायचा.

टाचेच्या दोन थरांमध्ये मी विंचवाचं बी ठेवलं.
मग अजून एक ठेवलं.
पोरगी म्हणाली, आप्पा, फार वाजतील.

टाका ओढला.
नदीच्या खालच्या अंगाला राहत असली ती बाई
तर वाजूच देत.
वरच्या अंगाला राहत असली
तरी.