बाकी

बागमांडल्याहून तर आली, भरतीवर.
टपालाची थैली डोक्यावर धरून
सखू हरकारा गुडघाभर पाण्यात उतरला.
वेसवीत इंग्रजी येणारा मी एकटा,
तेही चौथीपर्यंतचे;
लढाई लागल्यापासून
मी हातात कागद घेऊन निघालो
की लोक दारे लोटून घेत.

हमीदाबी परकार ओट्यावरच होती,
सुपात सोडे निवडत.
"वाचा, मास्तर. पैशांचं असेल."

पैशांचेच होते.
इस्माईल दाऊद परकार, आगवाला,
बोट कर्नमोर (गावाच्या तोंडी करणमोर),
याचा पगार एकोणीस नोव्हेंबरपर्यंत धरला असून
दोन शर्ट, साबण, तंबाखू वजा जाता
बाकी एकशे सात रुपये सहा आणे
वारसाने मुंबईस येऊन
अंगठा करून न्यावी.

मी कागद उलटून पाहिला.
बुडाला, असे कुठेच नव्हते.
कुठला दर्या, कितव्या दिवशीचा, रात्र होती का,
त्या ओळींवर काळी शाई फिरवलेली.
तारीख तेवढी ठेवली होती.
तारखेवाचून हिशेब होत नाही.

"एकोणीसलाच का थांबवला?"
मी बोललो नाही.
तिने सुपातले एक टरफल उचलून बाजूला टाकले,
मग दुसरे.
आगवाला म्हणजे बोटीच्या पार पोटात, कोळशापाशी.
तिथून वर यायला पायऱ्या किती,
तिने विचारले नाही.
मला माहीत होत्या. अडतीस.
गेल्या सुट्टीत त्यानेच सांगितलेले, सहज.

काझींनी बोटांच्या पेरांवर मोजले.
इद्दत चार महिने दहा दिवस,
मौतीच्या दिवसापासून.
आज एप्रिलची नऊ.
"मग ती सरली," ते म्हणाले, "केव्हाच.
आता बसायचं कारण नाही."

सरली.
त्याच दिवसांत भाचीच्या लग्नात
तिने कोपरापर्यंत बांगड्या भरल्या होत्या,
ढोलकावर थाप मारता मारता
हसून हसून तिला ठसका लागला होता.
उरसातून त्याच्यासाठी मखमली टोपी घेतली,
सैल होईल म्हणून
दुसऱ्या दिवशी तीन मैल चालत जाऊन
बदलून आणली.
"म्हणजे तेव्हा मी..." म्हणाली,
आणि तेवढ्यावरच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती बसली.
काझींचे ऐकले नाही, कंपनीचेही नाही.
माझे दिवस मी मोजीन, म्हणाली.

आठवड्याने मला बोलावणे आले.
ती पडद्याआड, मी ओसरीवर दौत घेऊन.
"लिहा, मास्तर.
तंबाखूला तो शिवत नव्हता.
हा हिशेब दुसऱ्याच कुणाचा असेल.
नीट बघा म्हणावं."

मी लिहिले. शब्द सापडेनात तिथे
साधेच घातले.
धक्क्यामागे, जाळ्यांच्या आडोशाला,
माझ्याच काडीवर तो विडी पेटवायचा,
आणि घरी जाण्याआधी
खाडीच्या पाण्याने तोंड धुवायचा.

तेवढे सोडून सगळे लिहिले.