उद्या झेंडा माझ्याकडे

इनासच्या सोड्याच्या दुकानासमोर, पालथ्या होडीवर
आम्ही सात जण, आणि उद्याची म्याच.
गुण सारखे, गोलफरकही सारखा,
म्हणून रेडीशी ही एक जादा लढत.
जिंकेल तो वेंगुर्ल्याला फायनल खेळेल,
हरेल तो मे महिनाभर लग्नं जेवत फिरेल.

मैदान आपलं म्हणजे निम्मी म्याच आपली, बाबल म्हणतो.
मैदान कसलं, शिरोड्याच्या मिठागराच्या बांधाखालची पट्टी.
पश्चिमेच्या गोलात घोटाभर वाळू,
पूर्वेचा कोपरा भरतीला ओला.
उद्या संकष्टी, पाणी तीनला भरणार, म्याच चारला.
"कॉर्नर घेताना पाय घसारतलो तेंचो.
आमचे पोर थंय जन्मापासून घसारतत."

उजव्या बगलेवर उंडीची फांदी आत आलीय.
चेंडू तिला लागून खाली पडला तर खेळ चालू,
वरच अडकला तर थ्रो,
आणि थ्रो कुणाचा?
ज्याचा माणूस आधी झाडावर चढेल त्याचा.
हे कुठल्या पुस्तकात नाही.
दाजी आरोसकराने घातलेला नियम,
तेव्हा गावात चेंडू एकच होता.

बाहेर गेलेला चेंडू मिठागरात पडतो.
आणायला जाणाऱ्याच्या सोललेल्या गुडघ्याला
मीठ काय सांगतं
ते रेडीच्या पोरांना अजून नीट ठाऊक नाही.

मग रेफरी.
इनासने बाटल्या पुसता पुसताच सांगितलं,
"तोच. मोंतेरो. मालवणचो."
होडीवर कुणी काही बोलेना,
मग सगळे एकदम बोलायला लागले.
"मेल्याचे डोळे तेवाच गेलेले."
"तेका कोणी इसवण दिल्यान, ता माका नावासकट म्हायती आसा."
"नऊ वर्सां झाली, ती पेनल्टी अजून माझ्या पोटात आसा."
"यंदा टेप घेवन येता म्हणे. गोल मोजतलो."

इथे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.
मैदान मी आखतो,
आणि पश्चिमेचा एक दांडा वीतभर खचलाय
हे मला माहीत, तसं त्यांनाही.
"खचलो तर खचलो," बाबल म्हणाला,
"दोनय टिमी थंय एकेक हाफ खेळतत ना?
आणि वारो? तोय मोजतलो काय टेपान?"

मी सोडा पीत राहिलो.
गोटी बाटलीच्या गळ्यात खडखडत होती.

ती पेनल्टी.
ऊन डोळ्यांवर नव्हतं. मोंतेरो दहा पावलांवर.
चेंडू उंडीला लागून वाकडा आला
आणि माझं कोपर, मी न सांगताच, उठलं.
शिट्टी वाजली तेव्हा छातीवर हात मारून
सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो.
त्याने नुसतं बघितलं. कार्डही काढलं नाही.
संध्याकाळी त्याच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती.
नाक्यापर्यंत ढकलत गेला,
मी बांधावरून बघत होतो.

तेव्हापासून दर शिमग्याला
त्या इसवणाचं वजन वाढतं.

यजमानांचा एक लाइनमन असतो.
पोरांनी यंदा माझं नाव दिलंय.
गुडघा गेलेल्या माणसाला दुसरं काय द्यायचं.
"आपलो माणूस आसा झेंड्याक,"
बाबलने पाठीत थाप मारली, सोडा नाकात गेला.

झेंडा म्हणजे बायकोच्या केशरी परकराचा तुकडा
आणि बांबूची काठी.
घरी येऊन तो धुतला, पडवीत वाळत टाकला,
काठी नुसतीच दोनदा वर करून बघितली.
कोपर अजून सरळ होतं.
"कोणाक हात करतास?" आतून बायको.
"कोणाक नाय," म्हटलं.

आता चुना भिजत घातलाय.
पहाटे आखायला जायचं,
पेनल्टीची खूण गोलापासून बारा पावलं.
माझी पावलं हल्ली आखूड पडतात,
तेरा टाकीन.