सव्वादोन किलोमीटर

सव्वादोन किलोमीटरचा आहे हा मुक्तमार्ग.
हायवेवरून उचलतो, भांडुपची मिठागरं ओलांडतो,
तिवरांवर जरासा वाकतो
आणि डेपोच्या जुन्या गेटापाशी आणून सोडतो.
पुढे रस्ता नाही. नकाशात होता,
सोळा किलोमीटर, खाडीपार.
शेवटच्या खांबातून सळया बाहेर आल्यात,
त्यांवर पाणकावळे पंख वाळवतात.

चढणीच्या तोंडाशी निळी पाटी: मुक्तमार्ग.
तिच्याखाली लाल गोलांत मनाई:
पायी माणूस, सायकल, मोटारसायकल,
रिक्षा, हातगाडी, बैलगाडी.
बैलगाडी इथे कोणी पाहिली, देव जाणे.
कोणी राहून जाऊ नये, म्हणून असेल.

मी खालून जाते, खांब मोजत.
एकोणसत्तर झाले की आमचं गेट.

या गेटवर अण्णा तेवीस वर्षं होते.
बंदूक नव्हती त्यांच्याकडे. पेटी होती,
सागवानी, खणाखणांची.
आत जाणाऱ्याने काडेपेटी खणात ठेवायची,
पितळी बिल्ला घ्यायचा.
निघताना बिल्ला द्यायचा, काडेपेटी घ्यायची.
कर्नल असो की हमाल.
"खिसा," म्हणायचे अण्णा. एवढंच.
एकदा एका ब्रिगेडियरला म्हणाले होते;
ती गोष्ट आमच्या घरी
फराळासारखी दरवर्षी निघायची.

आत मातीचे उंच बांध,
बांधांआड कोठारं.
एक उडालं तर शेजारच्याला
कळूसुद्धा नये, अशी.
अण्णा आत कधी गेले नाहीत.
त्यांची ड्यूटी गेटपर्यंतच.

डेपो हलला त्या दिवशी
खणांत सात काडेपेट्या उरल्या.
मालक आलेच नाहीत.
अण्णांनी त्या घरी आणल्या.
गॅस संपून स्टोव्ह पेटवायची वेळ आली
तरी आईने त्यातली एक काडी ओढली नाही,
शेजारी मागायला गेली.

आता अकरा नंबरच्या कोठारात
मी गॅसचे लायटर तपासते.
प्रत्येक तीनदा दाबायचा.
चट्. चट्. चट्.
दिवसाला नऊशे लायटर, हिशेब तुम्ही करा.
दहा नंबरात केकच्या भट्ट्या,
बारात अगरबत्त्या.
बांध तेवढे तसेच आहेत,
जेवणाच्या सुट्टीत आम्ही पोरी
त्यांवर पाय सोडून बसतो.
सांध्यांवरून चाकं जातात वरती,
थाप् थाप्, थाप् थाप्,
कोणी गोधडी झटकत असल्यासारखी.

अण्णांना सांगितलं नव्हतं.
"प्लास्टिकचं काहीतरी," म्हटलं होतं.

परवा चौगल्यांच्या हुसैनने
त्यांना टेम्पोत बसवून आणलं.
मोतीबिंदू काढलेला, काळा चष्मा,
एकदा वरून जाऊ दे म्हणाले, डोळे नवे आहेत तोवर.
हुसैन सांगत होता:
चौथा गिअर टाकला आणि लगेच काढला.
रेडिओवरच्या बाईंनी तान घेतली
ती खाली उतरल्यावर संपली.
मध्येच अण्णा म्हणाले,
"अरे, हे दिसायला नको होतं."
सगळंच दिसत होतं खाली.
बांध, कोठारं, बांध, कोठारं,
झाकण उघडं टाकलेल्या पेटीसारखं.
"चौतीस," म्हणाले. मोजली होती.

गेटवरच्या पोराने मोबाइलमधून मान काढली नाही.
अण्णा उभेच राहिले,
कोणीतरी काहीतरी विचारावं म्हणून.

मी सुट्टीत धावत आले, एप्रनसकट.
त्यांनी एप्रनकडे पाहिलं.
मग तळहात पुढे केला.
"खिसा."

मी लायटर काढून ठेवला त्यावर.
त्यांनी उलटसुलट केला,
मग कोठारांकडे पाठ केली,
छातीशी धरून, ओंजळीच्या आड
एकदाच दाबला.
चट्.
आम्ही दोघं थांबलो जरा.
केकचा वास येत होता.

परत जाताना टेम्पो मालाने भरलेला,
म्हणून संध्याकाळी आम्ही खालून निघालो,
खांबांच्या सावलीतून, हळूहळू.
तेविसाव्या खांबापाशी दम लागला त्यांना.
लायटर सदऱ्याच्या खिशात होता,
वरून हात ठेवलेला.

बिल्ला मात्र दिला नाही मला.