सहा तारांची मोटर

बोरी फाट्यावर आमचं दुकान.
'मोटर भरून मिळेल' एवढीच पाटी,
तिची एक मात्रा उडालीय,
म्हणून 'मिळल'. त्यानं काम अडत नाही.

बाबा तीन एचपीचं भरतात, पाच एचपीचं भरतात.
मी भरतेय त्याला एचपी नाही.
दोन चपट्या पट्ट्या, मध्ये सहा चुंबकं,
आणि केसाहून बारीक तांब्याची तार,
हाताला लागतेय की नाही
हे बोटालाच विचारावं लागतं.
सात हजार वेढे.

शिलाई मशीनच्या चाकावर बसवलं सगळं.
मोजायला कॅल्क्युलेटर : त्याच्या बरोबरच्या बटणाला
दोन तारा डागल्या, दर फेरीला
एक चुंबक जवळून जातं, आकडा एकानं वाढतो.
चार हजार एकशे बाराला तार तुटली.
दारात डेहनकर काका, बंडीत जळकी मोटर.
"काय भरून राह्यली वं पोरी?"
"गिटार."
"किती एचपीची?"
बाबा हसले नाहीत.
"सिंगल फेज हाये," म्हणाले, "बसा, चहा सांगतो."

लाकूड जिल्हा परिषद शाळेच्या लिलावातलं.
मोडका बेंच, चाळीस रुपये, अस्सल सागवान.
किती रंधा मारला तरी कर्कटकानं कोरलेली 'निर्मला'
पूर्ण गेली नाही. 'मला' उरलंय,
ब्रिजच्या जरा खाली.
कोणाला, काय, ते लाकूड सांगत नाही.

मान त्याच बेंचच्या पाठीची.
पडद्यांना सायकलचे स्पोक, अर्धे बुडवलेले.
कुठे बसवायचे याचं गणित
बाबांनी बिलबुकाच्या पाठीवर केलं :
लांबीला भागा सतरा दशांश आठ एक सातनं,
जे उरलं त्याला पुन्हा भागा, पुन्हा.
आठवी नापास माणूस
तिसऱ्या दशांशाशी पेन्सिल जिभेला लावून थांबला.
तरी सातवा पडदा केसभर पुढे गेला. माझ्या हातून.
आहे तसाच आहे.

रात्री साडेदहाला ओलिताची लाईन आली.
गव्हात, हरभऱ्यात शिवारभर मोटरी सुरू झाल्या
आणि इस्माईल मंडपवाल्याच्या जुन्या भोंग्यातून
सगळं शिवार गुणगुणायला लागलं.
मी तारेला हातही लावला नव्हता.
म्हटलं, ही खोट आहे.
बाबा म्हणाले, "हे पन्नास सायकल हाये.
याच्यावरच तं जेवतो आपण."

तरी सकाळी अर्थिंगच्या खड्ड्यात
त्यांनीच मीठ टाकलं, कोळसा, दोन बादल्या पाणी.
मग मी दुसरी कॉइल भरली, उलट्या फेऱ्यांची,
चुंबकंही उलटी करून पहिलीला खेटून बसवली.
एकीत जी गुणगुण चढते
ती दुसरीत उतरते,
मागे राहते नुसती तार.

बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही.
उजव्यानं येतं, तीस वर्षांच्या मोटरींनी ठेवलं तेवढं.
बेरिंग ते स्क्रूड्रायव्हरनं ऐकतात :
टोक लोखंडावर, मूठ कानामागच्या हाडावर.
मी वरची जाड तार छेडली.
त्यांनी तोच स्क्रूड्रायव्हर सागवानावर टेकवला,
'मला'च्या शेजारी, आणि डोळे मिटले.
बाहेर एक एसटी थांबली, गेली.
"अजून वाजव. तो सातवा."
वाजवला.
"जराशी घासून राह्यली," म्हणाले, "पन चालते."

मग बिलबुक ओढलं. ग्राहकाच्या जागी
माझं नाव, आडनावासकट.
रक्कम कोरी सोडली,
आणि खाली, हाताच्या सवयीनं :
'आत पाणी गेल्यास जबाबदारी नाही.'

डेहनकरांची मोटर टेबलावर उघडीच होती.
"चल," म्हणाले, "हिचं जळकं काढाय लाग."