तेरा फ्रेम

सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं.
सुपडूबाबाचा घण ऐरणीवर पडला
आणि तिथेच, त्याच फ्रेमवर, ठण्ण.
वेगळी टाळी वाजवायची गरजच पडली नाही.
वसीम म्हणाला, एवढी मोठी टाळी
पारोळ्यात दुसरं कोण देणार?

चित्र माझ्या कॅमेऱ्यात, आवाज त्याच्या रेकॉर्डरमध्ये.
दोघांच्या मध्ये वायर नाही,
फक्त भरवसा, की सेकंद
दोघांकडे सारखाच लांब असेल.

अमळनेरला, खताच्या दुकानाच्या माडीवर,
लाइट येईल तसं बसून बघत गेले.
पाचव्या मिनिटाला काही कळत नाही.
दहाव्याला डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होतं,
पण कुसळ सापडत नाही.
विसाव्याला घण पुन्हा वर निघालेला, आणि मग ठण्ण.
चाळिसाव्याला बाबाचे ओठ मिटतात
तेव्हा शब्द अजून दारात चपला काढत असतो.
चोपन्नाव्या मिनिटाला
तेरा फ्रेम.

वसीमला फोन केला.
रेकॉर्डर भट्टीशेजारी होता, ताई. मे महिना, त्यात पारोळा.
पोटातला स्फटिक तापून घाईला आला असेल.
घाईला आला तर आवाज पुढे पळायला हवा ना?
नाही. घाईने मोजणाऱ्याकडे मोजलेलं जास्त होतं.
ते सगळं ठरल्या चालीने वाचून दाखवायचं
म्हणजे उशीर.

हे मी पिंजाऱ्याच्या पोराकडून ऐकलं
आणि खताच्या पावतीमागे लिहून ठेवलं.

नुसतं सरकवून भागत नाही.
शेवट जुळवला की सुरुवात सुटते.
अख्खा आवाजच आवळायचा, अगदी नखभर,
आणि त्यासाठी शेवटालाही एक टाळी हवी.
घण तर बाबाने तिसाव्या मिनिटाला खाली ठेवलेला.
पुढे नुसतं बोलणं.
चहाचा ग्लास ठेवला, तो फ्रेमबाहेर.
सुनेच्या हातून झाकण पडलं, ते आत, चुलीपाशी.

मग ओठच बघत बसले.
म, प, ब.
ओठ मिटल्याशिवाय निघतच नाहीत ही अक्षरं.
आणि त्रेपन्नाव्या मिनिटाला बाबा म्हणाला,
"मन्हा बाप बी आठेच बठे."
म. ब. प. ब. ब.
पाचदा मिटलेले ओठ, एका श्वासात.

ते वाक्य मी त्या रात्री दीडशे वेळा तरी ऐकलं.
पडद्यावर 'बाप' म्हणजे दोन खाचा,
मध्ये एक फुगवटा.
त्या खाचेला मी मिटलेले ओठ टेकवत राहिले,
फ्रेमने पुढे, फ्रेमने मागे,
खाली दुकानदार शटर उघडेपर्यंत.

नव्याण्णव पूर्णांक नऊ आठ चार टक्के.
ओठ आणि शब्द एकदाचे बरोबर आत आले.
एकतिसाव्या मिनिटाला एक फ्रेम अजून चुकते.
ती राहू दिली.

दाखवायला गेले तर बाबाच्या डोळ्यांवर हिरवी पट्टी.
कालच जळगावला मोतीबिंदू काढलेला.
मी म्हटलं, नंतर येते.
"लाव. मी आयकस."

लॅपटॉप उशीजवळ ठेवला.
खाटेच्या गातावर त्याचं बोट चालू लागलं
घणाबरोबर.
सवयीने मी मोजायला लागले.
बोट आधी पडत होतं,
ठण्ण नंतर.
दोन फ्रेम.
कधी तीन.