ब गट, सामना एकोणिसावा

चुना मीच टाकतो.
असोसिएशनच्या नियमावलीत सहसचिवाची कामं बारा,
त्यात चुना नाही.
पण चार वाजता मैदानावर जो हजर असतो
तो सहसचिव.
डबा हलवत जातो नाशिकरोडच्या उन्हात.
कॉर्नरजवळ रेघ वाकते, तिथे घुशीचं बीळ आहे.
तीन वर्षं झाली. सगळे क्लब ओळखतात तो बाक.

आज भगूर इलेव्हन विरुद्ध सातपूर युनायटेड.
भगूर आलंय, पिकअपमधून,
द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटवर बसून.
त्यांचे कोच पेखळे पोरांना केळी वाटतायत.
सातपूरचे आलेत सहा.

सहा.
नियम अकरावा, पोटनियम ब:
सातपेक्षा कमी, तर सामना नाही.
पंधरा मिनिटं वाट बघायची,
मग भगूरला तीन गोल, कुणीच न मारलेले.

रेफरी फिलमोन पगारे मनगटावरचं घड्याळ काढून
तळहातावर ठेवतो.
शरणपूरचा माणूस, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो,
शिट्टीसुद्धा सुरात.

सातपूरचा कॅप्टन तुषार गांगुर्डे फोनवर:
"कुठल्या गेटला? अरे, मागच्या ना?"
मग माझ्याकडे वळून,
"दोन पाळ्या थांबवल्यात काका. डिस्पॅच. मार्च एंड."

मला नको सांगू मार्च एंड.
तेहतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात काढली,
रोज सुटताना खिसे तपासून दिले
आणि संध्याकाळी याच मातीत लेफ्ट विंगला धावलो,
हलका.

"नाव सातपूर," भगूरचं एक पोरगं म्हणतं,
"आणि सात पुरत नाहीत!"
सगळे हसतात. तुषारही हसतो,
फक्त सगळ्यांच्या आधी थांबतो.

नऊ मिनिटं.
पाच जण गोलात उभे राहून पास देतायत,
गोलकीपर हिरामण भोये, मूळचा पेठकडचा,
बारला लोंबकळून
पाय जमिनीला टेकू देत नाही.

तेरा.
मी रजिस्टर उघडतो.
सामने, विजय, पराभव, बरोबरी.
पेनाचं टोपण दातात धरतो.

"चौदा झाली," पगारे म्हणतो.
पंधरा झालीयत. माझ्याकडेही घड्याळ आहे.
मी खाली वाकून
बुटाची नाडी बांधायला लागतो.
पायात चपला आहेत.
पेखळेंना सगळं दिसतंय.
ते आणखी एक केळं सोलायला घेतात,
इतकं सावकाश मी कधी कुणाला केळं सोलताना पाहिलं नाही.

आणि मग ती फटफटी.
जुबेर कोकणी,
कंपनीचा निळा शर्ट, पायात सेफ्टी शूज,
"सुपरवायझरला सांगितलं, दाढ दुखतेय.
सातला परत पंच करायचंय."
भगूरच्या राखीव पोरानं आपले स्टड काढून दिले.
एक नंबर लहान.
गळ्यातलं आयकार्ड त्यानं माझ्याकडे फेकलं: "काका, धरा."

शिट्टी.

काय सांगू सामन्याचं?
अकरा विरुद्ध सात.
हिरामणनं किती अडवले ते मोजायला रकाना नाही,
सुटलेले मोजले: आठ.
एकदा, एकदाच, जुबेर त्या वाकड्या रेघेवरून
चेंडू घेऊन निघाला,
घुशीच्या बिळाला वळसा,
दोघांना चकवून मारलेला चेंडू बारवर आदळला.
बार बराच वेळ हलत होता.

वॉकओव्हर दिला असता तर तीनच लागले असते.
गोलफरकानं सातपूर तळाला गेलं.
तुषार सही करायला आला,
आकड्यावर बोट ठेवून म्हणाला,
"आठ नीट काढा काका. तीनसारखा दिसतोय."

सगळे गेले. कॉर्नरचे झेंडे गुंडाळले.
स्कूटरची किल्ली शोधताना
हाताला लागलं ते कार्ड.
जुबेर सलीम कोकणी, पॅकिंग, रक्तगट बी.
फोटोत दाढीही नाही अजून.

पावणेसात. सातपूर अठरा किलोमीटर.
द्वारका चौकात आत्ता मुंगी शिरणार नाही.
तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच
माझ्या खिशात माझं नसलेलं काहीतरी आहे
आणि मी गेटबाहेर नाही,
गेटकडे चाललोय.